घाट उतरताना : किनारपट्टीवरील वास्तव्याच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

नाशिक शहराच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वराच्या डोंगररांगेत उभे राहिले असता भूगोलाचा एक विलक्षण निवाडा पाहावयास मिळतो. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी, अरबी समुद्र तेथून जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर असतानाही, त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराची दूरची वाट धरते. आणि त्याच परिसरातील डोंगरांत जन्मलेली वैतरणा मात्र पश्चिमेस वळून अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्राला मिळते. नाशिककरांची वृत्ती दीर्घकाळ गोदावरीची होती. अलीकडे ती वैतरणेच्या वाटेने जाऊ लागली आहे: निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले बँकेतील अधिकारी, मुले परदेशी गेलेली शिक्षक दांपत्ये, आणि दोन हंगाम बरे गेलेले निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागायतदार हे सर्व डहाणू-बोर्डीपासून थेट गुहागर-वेंगुर्ल्यापर्यंत ‘एखादा तुकडा मिळतो का’ याची चौकशी करू लागले आहेत, आणि ज्यांना जमीन घ्यावयाची नाही ते निदान महिना-दोन महिने तेथे राहून पाहण्याचा मनसुबा बोलून दाखवतात.

अशा माणसास सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच पडत नाही. घरातील वडीलधारी मंडळी दमट हवेचा, सांधेदुखीचा आणि विंचू-सापांचा धाक घालतात. जमिनीचे दलाल सूर्यास्त दाखवून सातबारा झाकतात. आणि स्थानिक ओळखीचा मनुष्य, पाहुण्यास नाउमेद करू नये या कोकणी सौजन्यापोटी, निम्मे सांगतो आणि निम्मे गिळतो. या तिन्ही प्रकारच्या सल्ल्यांपैकी कोणता कितपत टिकतो हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखकाचे मत आरंभीच सांगून टाकावयाचे तर, हवेविषयी जितके बोलले जाते तितके बोलण्याजोगे आता फारसे उरलेले नाही. पाण्याविषयी व दस्तऐवजांविषयी मात्र जे बोलले जावयास हवे, त्याच्या चतुर्थांशही बोलले जात नाही.

पूर्वपीठिका

एके काळी हा प्रवास नेमका उलट दिशेने होत असे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिक-देवळाली ही मुंबईकरांच्या दृष्टीने हवापालटाची जागा होती. मुंबई बंदरात उतरणाऱ्या गोऱ्या फौजांचा तळ देवळालीस पडे, आणि पुढे पारशी व गुजराती धर्मादाय संस्थांनी तेथे आरोग्यभुवने उभारली. किनाऱ्याची हवा माणसाला शिणवते आणि घाटावरची हवा त्याला सावरते, हा समज त्या काळात इतका दृढ होता की त्यासाठी पुराव्याची गरज कोणास भासली नाही.

आपल्या वैद्यकपरंपरेनेही या समजास आधारच दिला. चरकसंहितेत भूमीचे जांगल, अनूप आणि साधारण असे तीन भेद सांगितले असून, जलबहुल अशा अनूप देशात कफ-वातप्रधान विकार अधिक, असे त्या विवेचनाचे तात्पर्य आहे. कोकण हा अनूप देशाचा जणू पाठ्यपुस्तकी नमुना. त्याच्या जोडीला हिवतापाची दहशत होती, आणि रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये डासाच्या पोटात त्या तापाच्या जंतूचा माग काढीपर्यंत दोष सरसकट ‘वाईट हवे’च्या माथी मारला जात असे. १९५३ साली देशव्यापी हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर त्या भीतीचा कणा मोडला, तरी भीती स्वतः पुढे दोन पिढ्या जगली. नाशिकच्या जुन्या वाड्यांतून ‘खाली’ मुलगी देताना त्या भीतीचा उच्चार अजूनही होतो.

याच्या उलट उदाहरणेही जुनीच आहेत. पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कार्यासाठी बोर्डीस गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या, आणि १९९२ पर्यंत त्यांचे आयुष्य त्याच परिसरात गेले. घाटावरच्या माणसाला तेथील हवा मानवत नाही म्हणणाऱ्यांनी हा जवळजवळ अर्ध्या शतकाचा मुक्काम विचारात घ्यावयास हरकत नसावी.

हवेचा वाद

एका पक्षाचे म्हणणे असे की नाशिकच्या मनुष्यास किनाऱ्याचा उकाडा सोसत नाही. दुसरा पक्ष तापमानाचे आकडे पुढे करतो: नाशिकचा पारा एप्रिलअखेर चाळिशीस टेकतो, तर रत्नागिरीत तो भर वैशाखातही सहसा तेहतीस-चौतिसाच्या पुढे जात नाही, मग उकाडा कोणाचा अधिक? दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात, कारण शरीराला थंडावा देतो तो घामाचा उडणारा अंश, आणि हवा आधीच ओलाव्याने तुडुंब असली की घाम अंगावर राहतो पण उडत नाही. याच कारणास्तव भारतीय हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात किमान ४० अंशांची अट घालते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांची. ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापीवरील ३५ अंश ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक सीमा पूर्वी मानली जात असे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण व निरोगी व्यक्तींवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती ३१ अंशांच्या आसपासच येऊन ठेपली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानातील समारंभात उष्माघाताने १४ माणसे दगावली, ती थर्मामीटरवरील आकडा अडतिसाच्या घरात असताना, आणि मृतांत नेहमी किनारपट्टीवरच राहणारे लोकही होते, ही गोष्ट ‘सवय झाली की काही वाटत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सवय होते, हेही मात्र तितकेच खरे. निरोगी शरीर आठवडा ते पंधरवड्यात दमट उष्म्याशी बरेचसे जुळवून घेते. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मिठाचे प्रमाण घटते. म्हणून पहिल्या आठवड्यात अकरा ते चार या वेळेत अंगमेहनत टाळणे, सुती व सैल वस्त्रे, आणि साध्या पाण्याबरोबर मीठ घातलेले ताक, कोकमाचे सार वा भाताची पेज घेणे, ही स्थानिक वहिवाट शास्त्राशी सुसंगत ठरते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या वैद्यास विचारावे; घाटावर बसवलेली मात्रा खाली उतरल्यावर अधिक ठरू शकते.

सांधेदुखीचे कोडे अद्याप सुटलेले नाही. आर्द्रता आणि वेदना यांचा संबंध तपासणारी संशोधने दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. दम्याविषयी थोडे अधिक खात्रीने बोलता येते, कारण ओल्या भिंतींवरील बुरशी आणि गाद्यांतील सूक्ष्म किडे हे त्या विकाराचे जाणते शत्रू होत. अशा रुग्णाने जमीन पाहण्याआधी एक श्रावण तेथे भाड्याच्या घरात काढावा, हा सल्ला सर्व पक्षांस मान्य व्हावा.

घर : चिरा की सिमेंट

कोकणातील पारंपरिक घर हे पावसाशी केलेल्या तहनाम्यासारखे असते: जांभ्या चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पडवीवर पुढे आलेली खोल वळचण, आणि आगोटीपूर्वी पश्चिमेच्या बाजूस बांधले जाणारे माडाच्या झावळ्यांचे झाप. तेथील पाऊस सरळ पडत नसून नैर्ऋत्येकडून आडवा येतो, आणि नाशिकच्या सवयीने बांधलेल्या सपाट, विनावळचणीच्या भिंतीवर तो चार महिने मारा करीत राहतो. उन्हाळ्यात पाहणी करावयास गेलेल्या मनुष्यास पडवीच्या खांबांवरील खिळ्यांच्या रांगा व्यर्थ वाटतात. झाप कोठे बांधले जात होते ते त्या सांगत असतात, आणि नूतनीकरणाच्या उत्साहात गवंडी सर्वप्रथम त्याच उपटून टाकतो.

या घराच्या पुरस्कर्त्यांचा पक्ष सौंदर्याइतकाच शास्त्राचाही आहे. खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये झिरपून आतील सळई गंजवतात, गंजलेली सळई फुगते, आणि गिलावा पापुद्र्याने सुटू लागतो. भारतीय मानक ४५६ किनारी वातावरणास उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात घालते, त्यासाठी सळईवर किमान ४५ मिलिमीटर आच्छादन आणि एम-३० प्रतीचे मिश्रण सांगते. सौम्य हवेत हेच आच्छादन २० मिलिमीटर चालते. नाशिकहून नेलेला कंत्राटदार सवयीने दुसराच आकडा वापरतो, आणि त्याचा हिशेब दहा-बारा वर्षांनी मिळतो.

प्रतिपक्षाची साक्ष मात्र दुर्लक्षिण्याजोगी नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत होते. माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौले पत्त्यांसारखी उडाली, आणि ज्यांच्या डोक्यावर पक्का स्लॅब होता त्यांनी शेजाऱ्यांस आश्रय दिला. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनाऱ्यालगत मार्गक्रमण केले. त्यानंतर कौले उतरवून स्लॅब घालणाऱ्या श्रीवर्धनकरास परंपरेचा उपदेश करण्याचा अधिकार नाशिकच्या पाहुण्यास पोहोचत नाही. मधला मार्ग काढणारे वास्तुरचनाकार चिऱ्याच्या भिंती, कौलांना तारेची बांधणी आणि घराच्या मध्यभागी एखादी काँक्रीटच्या छताची कोठी असा तोडगा सुचवतात; तो खर्चिक आहे, पण तर्कशुद्ध आहे. डहाणू-तलासरीकडे घर पाहणाऱ्यांसाठी आणखी एक बाब: नोव्हेंबर २०१८ पासून त्या भागात धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या सौम्य धक्क्यांची मालिका सुरू झाली, काही धक्के चार रिश्टरच्या पुढेही गेले, म्हणून नुसत्या चिऱ्याच्या भारवाही भिंतींवर तेथे विसंबणे इष्ट नव्हे.

पाणी

ज्या मुलखात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच मुलखात वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, हे नाशिकच्या माणसास, ज्याच्या शहरात त्याच्या चौथाईइतकाच पाऊस पडूनही गंगापूर धरण वर्षभर पुरते, सहजासहजी पटत नाही. कारण भूगर्भात आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो झटकन पितो आणि उतारावरून तितक्याच झटकन झऱ्यावाटे सोडून देतो. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, उतार तीव्र, नद्या आखूड. परिणामी ज्या विहिरीचे पाणी श्रावणात हाताने घेता येते, तिचा तळ शिमगा सरताच दिसू लागतो, आणि म्हणून दिवाळीच्या सुट्टीत विहीर पाहून केलेला सौदा हा डोळे झाकून केलेला सौदा होय.

समुद्राजवळच्या विहिरीची गोष्ट याहून नाजूक. तेथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर, वजनाने हलके असल्यामुळे, तरंगत असते. घिबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या हिशेबानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत त्याचा थर असतो. आणि याचाच अर्थ असा की अतिउपशाने पातळी एक मीटरने उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा चाळीस मीटरपर्यंत वर सरकण्यास मोकळीक मिळते. रहाटाच्या काळी हा तोल आपोआप सांभाळला जाई, कारण बैल थकत असे. पंप थकत नाही. पाच खोल्यांचे निवासस्थान आणि हिरवळ राखणारा नवा मालक शेजारच्या पिढीजात विहिरी नासवू शकतो, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हावयास कित्येक पावसाळे लागतात. काही विहिरी होतच नाहीत.

पाहणीचे तंत्र सोपे असून ते स्थानिक गृहिणीस कोणत्याही प्रयोगशाळेइतके अवगत असते. वैशाखाच्या उत्तरार्धात, आणि शक्य तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, विहिरीवर जावे. पंप तासभर चालू ठेवून आधीचे आणि नंतरचे पाणी वेगवेगळ्या तांब्यांत घ्यावे. दुसऱ्या तांब्यातील पाण्यात साबणाचा फेस नीट होत नसेल, जिभेस खारटपणा लागत असेल, किंवा ‘या पाण्यात डाळ शिजत नाही’ असे शेजारीण सांगत असेल, तर नकाशा, भाव आणि सूर्यास्त यांपैकी कशाचाही विचार पुढे करण्याचे प्रयोजन राहत नाही.

कूपनलिकेविषयी मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते खोल कूपनलिका हा निर्धोक पर्याय. भूजलतज्ज्ञांचा मोठा वर्ग तिच्याकडे संशयाने पाहतो, कारण किनाऱ्यालगत खोली वाढवणे म्हणजे खाऱ्या थराकडे स्वतःहून जाणे होय. छपरावरील पावसाच्या साठवणीस मात्र कोणाचाच विरोध नाही, केवळ आळस आड येतो. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर तीन लाख लिटर पाणी होते. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे तीस हजार लिटर, झाकलेल्या टाकीत धरला आणि जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या प्रमाणाने चार माणसांनी वापरला, तर तो १३६ दिवस पुरतो. फेब्रुवारीच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत. कोकणातील टंचाईचा काळ जवळपास इतकाच असतो. एवढे साधे गणित असूनही नव्या बंगल्यांच्या नकाशांत पोहण्याचा तलाव आढळतो आणि पावसाच्या पाण्याची टाकी आढळत नाही, याला काय म्हणावे?

जमीन आणि दस्तऐवज

येथे नाशिककरास एक लाभ आहे आणि तोच त्याचा घातही करतो. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ अन्वये बिगरशेतकऱ्यास परवानगीखेरीज शेतजमीन खरेदी करता येत नाही. निफाडच्या बागायतदारापाशी शेतकरी असल्याचा पुरावा घरचाच असल्यामुळे मुंबईकरास जेथे अडथळा येतो तेथून तो सहज पुढे जातो, आणि पुढील अडथळ्यांची त्याला कल्पना नसते.

पहिला अडथळा सहहिस्सेदारांचा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेल्या जमिनींचे सातबारे वीस-तीस नावांचे असतात, त्यांतील कोणी गिरगावात, कोणी बडोद्यात, कोणाचा वारसफेरफारच झालेला नाही. एका हिस्सेदाराने ‘माझा भाग’ म्हणून दाखवलेला तुकडा नकाशावर अस्तित्वात असतोच असे नाही. भोगवटादारांची नावे वाचून समाधान मानणारा खरेदीदार ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावयास विसरतो, आणि कुळाची नोंद, वहिवाटीचा रस्ता, विहिरीवरील सामाईक हक्क ही सारी तेथेच निजलेली असतात. सिंधुदुर्गात खासगी वनांसंबंधीच्या १९७५ च्या कायद्याच्या अनुषंगाने आलेल्या नोंदींची भर पडते, आणि आंबोली, गेळे, चौकुळ येथील कबुलायतदार-गावकर पद्धतीच्या जमिनींचा तिढा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

दुसरा अडथळा खास नाशिकच्या जवळच्या किनाऱ्याचा. जव्हारमार्गे दीडशे किलोमीटरांच्या आतबाहेर येणारा डहाणू-तलासरीचा पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. जमीन महसूल संहितेची कलमे ३६ व ३६-अ आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर कडक निर्बंध घालतात, आणि १९७४ च्या कायद्याने अशा हस्तांतरित जमिनी परत देण्याची तरतूद केली. पेठ-सुरगाण्याच्या अनुभवामुळे नाशिककरास हे ठाऊक असावयास हवे. तरीही नव्याण्णव वर्षांचा भाडेकरार, कुलमुखत्यारपत्र, ‘आपल्या माणसाच्या नावावर’ अशा आडवाटा सुचवणारे भेटतात. त्या वाटांनी जाऊ नये, आणि त्याला कायद्याइतकेच दुसरेही कारण आहे: ज्यांच्याकडून जमीन अशी निसटते त्यांच्यापाशी दुसरे काही नसते.

तिसरा, आणि सर्वांत गाजलेला, किनारा नियमन क्षेत्राचा. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियमनाखाली आणला. ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनांनी तिची जागा क्रमशः घेतली. ग्रामीण किनाऱ्यावर पूर्वी २०० मीटर विकासनिषिद्ध असत. २०१९ च्या अधिसूचनेने, जेथे २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक आहे तेथे, ही मर्यादा ५० मीटरांवर आणली. समर्थकांचे म्हणणे असे की जुन्या नियमांनी कोळ्यांच्या पिढीजात घरांची दुरुस्तीही अवघड करून ठेवली होती, आणि पर्यटनाचा रोजगार किनाऱ्यावरच्या गावांना मिळावयास हवा. विरोधकांचे म्हणणे असे की शिथिलता कोळ्यांच्या नावाने आणली गेली, तरी तिचा उपभोग हॉटेले व गृहसंकुले घेतील, आणि समुद्राची पातळी वाढत असताना माणसाला पाण्याजवळ नेणे अविचाराचे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. खरेदीदारापुरता निर्णायक मुद्दा एवढाच की मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपला गट क्रमांक कोठे पडतो ते पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. कांदळवनापासून पन्नास मीटरांच्या आत बांधकामास मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने मज्जाव आहे, आणि खाडीकाठचा जो तुकडा ‘स्वस्तात’ मिळतो तो बहुधा याच कारणाने स्वस्त असतो.

समुद्र, पूर आणि जिवाणू

गोदावरीच्या कुंडांत पोहायला शिकलेल्याने समुद्रात आपली विद्या वापरू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा अंत झाला, तो आकाश निरभ्र असलेल्या ऋतूत. भरती-ओहोटीचे ज्ञान तेथील कोळ्यास तिथीवरून होते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बाराच्या आगेमागे, आणि पुन्हा सुमारे साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण, अष्टमीच्या आसपासचा तो भांग. हा हिशेब मुंबईच्या परिसरास लागू पडतो, दक्षिणेकडे थोडा फरक पडतो. परंतु पंचांग जवळ बाळगणाऱ्या नाशिककरास त्याचा उपयोग करणे काहीच अवघड नाही. उत्तरेकडे, डहाणूच्या बाजूस, पाणी ओहोटीत फार दूरवर हटते आणि परतताना चालत्या माणसास गाठते. म्हणून तेथे ओहोटीत आत चालत जाण्याची हौस विशेष धोक्याची.

पावसाळ्यात जाण्याविषयी मतभेद आहेतच. हिरवाईचे भोक्ते तोच ऋतू खरा मानतात; २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर बुडाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गाव दरडीखाली गेले, हे आठवणारे लोक त्यांस गप्प करतात. अतिवृष्टीचा लाल इशारा असताना घाट उतरू नये, आणि डोंगराच्या कुशीतील निवासाऐवजी उघड्या सड्यावरील वा गावठाणातील निवास पत्करावा, इतके बोलून पुढे जावे.

साप-विंचवांची भीती पूर्णतः निराधार नाही, पण तिची दिशा चुकते. कातळसड्यांवर फुरशांचा वावर असतो, आणि फुरसे आकाराने लहान असल्यामुळे ते गवतात पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. विजेरी आणि बंद पादत्राणे हा त्यावरचा खरा उपाय. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी मुले दगावत, महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केल्यावर ते चित्र पालटले. मांत्रिकाकडे तास न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे महत्त्वाचे, सबब मुक्कामापासून ते किती अंतरावर आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. याहून दुर्लक्षित आहे तो लेप्टोस्पायरोसिस: उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यात जखमी पायाने वावरल्यास होणारा ताप. भातखाचरांत हौसेने उतरणाऱ्या पर्यटकाने गमबूट घालावेत, आणि नाशिकला परतल्यावर पंधरवड्यात ताप आला तर वैद्यास आपण कोकणात पाण्यात उतरलो होतो हे न विचारता सांगावे. घाटावरच्या दवाखान्यात तो संशय आपोआप येत नाही.

अन्न आणि शेजार

अन्नाविषयी वाद असा नाहीच. पावसाळ्यात १ जूनपासून निदान दोन महिने यांत्रिक मासेमारीस बंदी असते, म्हणून त्या दिवसांत ‘ताजे पापलेट’ मागणारा पाहुणा बर्फातले खातो. बाजरीच्या भाकरीशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी पीठ सोबत न्यावे, आणि ते हवाबंद डब्यात न्यावे.

शेजाराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. गावाची देवस्थाने, पालखीचा मार्ग, पाणंद, विहिरीवरचा पाळीचा क्रम, यांतले काहीच सातबारावर नसते आणि सर्व काही पाळले जाते. कुंपण घालण्यापूर्वी शिमग्याची पालखी कोठून जाते हे ज्याने विचारले त्याचे घाटीपण गाव लवकर विसरते. ज्याने विचारले नाही त्याच्या फाटकापाशी दरवर्षी नवा तंटा उभा राहतो.

अनिर्णित बाबी

काही प्रश्नांचे उत्तर आज कोणापाशीच नाही. अरबी समुद्रातील तीव्र चक्रीवादळांची वाढ पुढील तीस वर्षांत कोकणच्या किनाऱ्यावर कशी उतरेल, आणि विमा कंपन्या त्याचा हप्ता कसा ठरवतील, हा त्यांतला एक. दुय्यम घरांमुळे गावांना रोजगार मिळतो की वर्षातील दहा महिने कुलुपात असणाऱ्या वाड्या उरतात, हा दुसरा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झाला, तेव्हापासून दोन्ही बाजू आपापली गावे दाखवीत आल्या आहेत.

तिसरा प्रश्न नाशिकला सर्वांत जवळचा. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तेथे स्वतंत्र प्राधिकरण आले, आणि त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराचा प्रस्ताव नाकारला. त्याच प्राधिकरणाने, वेगळ्या अध्यक्षांच्या काळात, ३१ जुलै २०२३ रोजी नव्या प्रस्तावास सशर्त अनुमती दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट रोजी त्याचे भूमिपूजन झाले. समुद्रात भराव घालून उभारल्या जाणाऱ्या या बंदरामुळे उत्तर महाराष्ट्राच्या द्राक्ष-कांद्यास जवळचा दर्यामार्ग मिळेल असे एक पक्ष म्हणतो. मच्छीमार संघटना आपली मासेमारीची समृद्ध पट्टी कायमची जाईल असे सांगतात, आणि चिकूबागांचे मालक दोहोंच्या मध्ये उभे आहेत. भरावानंतर चिंचणी-डहाणूच्या वाळूचे काय होईल, जमिनीचे भाव कोठे स्थिरावतील, त्या पट्ट्यातील विहिरींवर वाढत्या वस्तीचा भार किती पडेल, हे बंदराचा पहिला टप्पा उभा राहीपर्यंत समजणार नाही. तोपर्यंत बोर्डीस राहावयास जाऊ इच्छिणाऱ्याने भाड्याचे घर घ्यावे, करार अकरा महिन्यांचा करावा, आणि त्या अकरा महिन्यांत वैशाख येईल असे पाहावे.